ऑगस्टीनचा गोल

वसई, ११ फेब्रुवारी १९९७

चि. हेमांगीस अ. उ. आ.

भोपाळचा हॉकीचा अंतिम सामना ऐकायला परवा आपल्या ओट्यावर निम्मी आळी जमली होती. शेजारच्या सालोमीबाईंचा ऑगस्टीन खेळतोय आणि रेडिओवर वर्णन करायला माझी पुतणी, मग काय विचारतेस! मध्यंतरापर्यंत तुला ऐकून छाती फुगली होती. पुढे विजयी गोल झाला आणि नाव घेतलं भलत्याचंच. लगेच जाहिरात. दुसऱ्या दिवशी ऑगस्टीनचा फोन आला, तेव्हा त्याच्या आईला कळलं की गोल आपल्या पोराचा.

मान्य, तो आवाज पुरुषाचा होता. पण तू शेजारीच बसली होतीस ना? तुझी काय दातखीळ बसली होती? हॉकीवर बोलतेस, पेपरात लिहितेस, त्याचा उपयोग काय?

लोभ आज जरा कमी आहे, पण आहे.

तुझा दिनानाथकाका

भोपाळ, १५ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून डोकंच फिरलं. जाहिरातदार कंपनीने उत्तरार्धासाठी क्रिकेटवाले एक साहेब आणून बसवले होते. का, तर म्हणे त्यांचा आवाज खपतो. ते मागच्या वर्षीचा संघ पाठ करून आलेले. पाठीवरचा आकडा बघितला आणि त्या आकड्याचा जुना खेळाडू सांगून मोकळे झाले. मी त्यांच्या हातातला माइक ओढला आणि गोल वसईच्या ऑगस्टीनचा आहे, असं ओरडून सांगितलं. पण तोवर जाहिरात लागली होती. ऐकलं फक्त खोलीतल्यांनी, आणि साहेबांना ते फार झोंबलं.

आता कंपनी म्हणते, साहेबांचा अपमान केलात, लेखी माफी द्या, नाहीतर मलेशियाच्या दौऱ्यावर दुसऱ्याला पाठवू. काका, परदेशातून हॉकीचं वर्णन करायला मिळावं म्हणून मी इतकी वर्षं घसा फोडला. चूक त्यांची आणि माफी मी मागायची? नुसता संताप होतोय. इथल्या हॉकी शिबिराच्या बातम्या पेपराला देऊन होईपर्यंत मुक्काम आहे. काय करू, ते कळवा.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्या.

आपली हेमांगी

वसई, १९ फेब्रुवारी

चि. हेमांगीस अ. उ. आ.

तुला उगाच बोललो. पत्र सालोमीबाईंना वाचून दाखवलं. वाटलं, त्या साहेबाच्या नावाने बोटं मोडतील. तर म्हणाल्या, गोल कोणाचा ते आम्हांला ठाऊक आहे, पोरीने चार ओळी लिहून द्याव्यात आणि मलेशियाला जावं, पोटावर पाय कशाला आणायचा. मला त्यांचाच राग आला. ह्या चोराच्या उलट्या बोंबा आहेत. मी असतो तर एक अक्षर लिहिलं नसतं. पण काम तुझं, तूच ठरव.

लोभ पूर्ववत.

काका

भोपाळ, २४ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

सालोमीमावशींचं ऐकलं आणि माफी लिहून दिली. आमच्या पेपरातल्या माझ्या हॉकीच्या सदरातही तीच छापली. मलेशियाला ते साहेबच चाललेत. माफीतला मजकूर खाली उतरवलाय, मावशींना वाचून दाखवा. मी शनिवारी घरी येते.

‘अंतिम सामन्यातला विजयी गोल वसईच्या ऑगस्टीनने केला. माइक ओढून हे सांगायला मी उशीर केला, म्हणून ते त्याच्या आईला ऐकू गेलं नाही. त्याबद्दल मी तिची माफी मागते.’

लोभ असावा, सालोमीमावशींचाही.

आपली हेमांगी