बोटसुद्धा लावलं नाही

कोल्हापूर, १९९९

दीप्तीच्या पप्पांना,

तुमचा निरोप माझ्या भावानं सांगितला. "दाजींनी दारू सोडलीया म्हणं. पोरीला कधी बोटसुद्धा लावलं न्हाई, तिच्यासाठी तरी परत ये म्हणत्यात."

पोरीचं खरं आहे. माझ्यावर हात उचलायच्या आधी तुम्ही तिला बाहेर कट्ट्यावर नेऊन बसवायचात आणि मग दाराला आतून कडी घालायचात. त्यात मला तिच्यावरची माया दिसायची. म्हणूनच मी परत यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

काल संध्याकाळी इथल्या आमच्या खोलीत माझ्या हातून ताट निसटलं. केवढा तरी आवाज झाला. दीप्ती अभ्यास टाकून उठली, बाहेर गेली आणि तिनं मागं दार ओढून घेतलं. पायरीवर बसलेली बघून शेजारच्या आक्कांनी तिला विचारलं, "काय गं, आईवर रुसलीस व्हय?"

"न्हाई की. आईचं झालं की मला आत घेत्यात."

अहो, इथं आम्हा दोघींशिवाय कुणी राहत नाही.

मी दार उघडलं. तिनं माझं तोंड नीट निरखलं, दंडही बघितले, आणि मगच ती आत आली.

आज सकाळी भावाला सांगून टाकलं, आम्ही येणार नाही. कारण तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं, पण पत्र पेटीत टाकायची हिंमत नाही. पाकिटावरच्या शिक्क्यावरून तुम्ही आमच्या दारापर्यंत याल.

दीप्तीची आई,
संयोगिता