गणपतीखालचा हित्ती शब्द

ती. सुनेत्राआत्यास,

वॉलाँगाँगहून ओजसचा ईमेलने साष्टांग नमस्कार. (शिष्टाचार म्हणून नव्हे, खरोखरच गणपतीपुढे पालथा पडून लिहितोय. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठीक आहेत, बाकी सगळं संपलं आहे.

सहा वर्षं मी एकाच शब्दावर पीएचडी करतोय, हे तुला माहीतच आहे. शब्द हित्ती भाषेतला, म्हणजे संस्कृतच्या एका लांबच्या बहिणीतला. साडेतीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात ती माणसं ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहीत. हा शब्द एका फुटक्या पाटीवर एकदाच आलाय आणि ती देवापुढे ठेवायची कसलीतरी भाकरी आहे, एवढंच कळतं. (कसली, ते सांगू शकणारे सगळे वारले.) माझे गाइड मार्टिनसर म्हणतात, शब्द शेजाऱ्यांकडून उसना आणलेला. मी म्हणतो घरचाच, कारण तो संस्कृतातल्या यकृत्‌सारखा चालतो, मुळात र आणि षष्ठीत न (यकृत्, पण यक्नः). (यकृत् चालवायला तूच शिकवलंस. माझ्या आयुष्याची वाट तिथूनच लागली.) सगळा वाद शेवटच्या एका रेघेवर आहे. ती लिहिणाऱ्याने ओढलेली असेल तर मी डॉक्टर. माती वाळताना गेलेली चीर असेल तर मी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर कायमचा.

म्हणून मी हुबेहूब तशी पाटी केली, तीच अक्षरं कोरली आणि वर्षभर सावलीत वाळवली. आत्या, चीर वेगळी दिसते गं, रेघ वेगळी दिसते, आणि मूळ पाटीवरची रेघच आहे! हा माझा एकमेव पुरावा. समितीला फोटो नकोत, वस्तूच हवी, तीही येत्या सोमवारी सिडनीत. सर डिसेंबरात निवृत्त होतायत, त्यामुळे पुढची तारीख नाही.

चतुर्थीच्या सकाळी आईला पाट सापडेना. (गराजमध्ये होता.) मी शिफ्टला. फोनवर म्हणालो, "माझ्या खोलीत बघ, असेल काहीतरी सपाट." हे मी स्वतःच्या तोंडाने बोललो. आईने पाटी आणली, 'ओरखडे' दिसू नयेत म्हणून उलटी ठेवली, वर तांदूळ पसरले आणि गणपती बसवला. मी आलो तोवर प्राणप्रतिष्ठा, आरती आणि शेजारच्या क्लोईला मोदक देऊन झालं होतं. जरा उचलून बघूया का, एवढंच विचारलं. "बसवलेली मूर्ती हलवतात का रे? आता विसर्जनालाच हलेल." विसर्जन दहाव्या दिवशी. सोमवार येतो आठव्या दिवशी. पाटी कसली होती ते तिला सांगवत नाही, रडेल ती. म्हणून रोज आरतीनंतर पालथा पडून कडेने एखादं अक्षर दिसतं का ते पाहतो. आईला वाटतं, पोरगा परदेशात राहून धार्मिक झाला.

तुझा मोडून पडलेला,
ओजस

ता.क. पत्र खरं यासाठी. तू घराण्यात थोरली. आईला फोन करून 'आपला गणपती पाच दिवसांचा असतो' असं दटावून सांगशील? (दीड दिवसाचा असतो, माहीत आहे. पण दीड दिवस उलटून गेले.)

ता.क. २. दीड दिवस सोडून यंदा दहा का, म्हणून आईला आत्ताच विचारलं. म्हणाली, "तुझ्या पीएचडीसाठी नवस बोललेय मी. आत्याला सांगू नकोस, हसेल." आत्या, फोन करू नकोस. आणि हसूही नकोस.