खणातले गार्ड

४ नोव्हेंबर, मंगळवार
तिसरं मशीन आज उघडलं. बाजारातला सगळ्यात स्वस्त चेनसॉ. पिवळा, खोक्यावर वाघाचं चित्र. वाघ कसला, सकाळपासून पस्तीस वेळा दोरी ओढली तेव्हा एकदा खोकला. कार्बोरेटरचे स्क्रू कारखान्यात कुणी डोळे मिटून फिरवलेत. सायलेन्सरचं तोंड एवढंसं. पात्यापर्यंत ऑइल पोहोचतच नाही, साखळी कोरडी फिरते.
झुबेदा म्हणाली, नवी वस्तू आणून लगेच दुरुस्त करायची, त्यापेक्षा लोक धड वस्तूच का घेत नाहीत? बायकोला काय सांगणार. धड वस्तू ज्याला परवडते तो माझ्याकडे कशाला येईल.
हे मशीन लहानूचं. अकलोलीच्या वरच्या पाड्यावर राहतो, फार्महाऊसवाल्यांची वठलेली, पडलेली झाडं कुऱ्हाडीने तोडून देतो. वर्षभर पैसे साठवून हे घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी बंद. पहिली दोन मशीनं मी अशीच सुधारून दिली. एक काल्हेरच्या गोदामात लाकडी पॅलेट फोडायला, दुसरं वडप्याच्या कुणा पाटलाला. दोघांची तक्रार नाही. ह्याचीही येऊ देणार नाही.

५ नोव्हेंबर
सायलेन्सरचं तोंड कानशीने मोठं केलं. ऑइलचं भोक ड्रिलने वाढवलं. हवा कुठून गळते ते साबणाच्या पाण्याने शोधलं, गॅस्केट नवं कापलं. संध्याकाळी तिसऱ्या ओढीला चालू. मग आवाज ऐकत कार्बोरेटर कानाने लावला. वरच्या मजल्यावरचे ओरडले, त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.
यंत्रमागाच्या शेडमध्ये तीस वर्षं फिटर होतो, अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात कुठला माग अडखळतोय ते मला उभ्या उभ्या कळायचं. लोक म्हणतात शेडवाले बहिरे होतात. मीही झालो, पण फक्त माणसांच्या बाबतीत. मालकाने माग भंगारात काढले, माझे कान थोडेच काढले.

६ नोव्हेंबर
पुढचा गार्ड काढला. हँडलच्या पुढे प्लास्टिकची कमान असते, तोच ब्रेक. पुढे ढकलला की आतला पट्टा आवळतो आणि साखळी थांबते. पण ह्या स्वस्त मशीनांत पट्टा अर्धा घासत राहतो, क्लच तापतो, धूर येतो. आधीच्या दोघांचाही काढलाच होता. गार्ड, पट्टा, स्प्रिंग सगळं टेबलाच्या खालच्या खणात.
शेडमधल्या माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, माग चांगला चालवायचा तर आधी गार्ड काढ, मग बाकीचं. धोट्यासमोरची जाळी असली की तुटलेला धागा जोडायला हात जात नाही, शिफ्टचं कापड कमी निघतं. भिवंडीत गार्ड लावलेला माग मी तरी चालताना पाहिला नाही. मशीन आता हलकं झालं, हातात छान बसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
लहानू आणि त्याची बायको जानी आले, नमाजनंतर. अंगणात ओंडका कापून दाखवला. लोण्यासारखं गेलं. ल. एवढा हसला की मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. जानीने हात लावला नाही, लांब उभी राहून बघत होती. काकड्या देऊन गेले.

१२ नोव्हेंबर
दुपारी जानीचा फोन. ल. ला लागलं. आंब्याची फांदी कापताना पात्याचं टोक मागच्या फांदीला टेकलं आणि मशीन उसळून अंगावर आलं. डावा खांदा. दवाखान्यात आहे.
साखळी थांबली नाही, ती म्हणाली. "फिरतच व्हती, चाचा."

१३ नोव्हेंबर
भेटून आलो. बावीस टाके. हाड वाचलं. मान चार बोटं लांब होती, डॉक्टर म्हणाले. मी त्या चार बोटांकडेच बघत राहिलो.
ल. पडल्या पडल्या मलाच समजावत होता. चूक त्याची आहे म्हणे. नवी वस्तू गावदेवाला न दाखवता कामाला लावली. दसऱ्याला कोयता-कुऱ्हाड पुजली, मशीन नंतर आलं, ते राहूनच गेलं. आता सुटला की नारळ आणि कोंबडा देणार आहे.
मी हो हो म्हणालो. हो हो म्हणालो आणि केळी ठेवून निघून आलो. पन्नाशी उलटली तरी एवढा भ्याड असेन असं वाटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जेवताना झुबेदाने विचारलं, त्या मशीनला थांबायची काही सोय नव्हती का. होती म्हटलं. मग? काढली. कुठे आहे? खणात.
ती उठली, खालचा खण ओढला. चेनसॉचे तीन गार्ड वरच होते. खाली मागाच्या जाळ्या, गंजलेल्या, किती वर्षांच्या कोण जाणे. तिने एक उचलली आणि खाली ठेवली. म्हणाली, "अब्बांच्या मागाची पण ह्यातच असेल."
सासरे विणकर होते. आमच्याच शेडमध्ये. धोटा उडून उजवा डोळा गेला, आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी. तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मीही म्हणालो. त्या मागाची जाळी मीच काढली होती. मला वाटायचं हे फक्त मला माहीत आहे.
झु. ला माहीत होतं. एवढी वर्षं. मरेपर्यंत अब्बा मला "जावई लाख मोलाचा फिटर" म्हणायचे आणि ती चहा ओतत असायची.

१५ नोव्हेंबर
ठरवलं. ल. चं मशीन त्याच्या मेव्हण्याने आणून टाकलंय. ब्रेक परत बसवायचा, आणि नुसता बसवायचा नाही, कारखान्यात लागला नसेल असा लागला पाहिजे. त्याशिवाय पाड्यावर तोंड दाखवायचं नाही.
चाचणी अशी: इंजिन बंद. मागच्या हँडलने धरायचं, फूटभर उंचीवरून पात्याचं टोक ओंडक्यावर पडू द्यायचं. झटक्याने गार्ड आपोआप पुढे पडून ब्रेक लागला पाहिजे, हात न लावता. वीसपैकी वीस. एकोणीस चालणार नाही.
आज, जसा कारखान्यातून आला तसा: २० पैकी ३. म्हणजे काढला नसता तरी भरवसा नव्हताच. हे लिहून बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली.

१७ नोव्हेंबर
पट्ट्यावर ऑइल सांडलेलं. पेट्रोलने धुतला, पॉलिश पेपर मारला. २० पैकी ६.
स्प्रिंग म्हणजे बॉलपेनमधली बरी. जुन्या मागाच्या स्प्रिंगा आहेत, त्यातली एक कापून घातली. आता लागला की घट्ट धरतो, साखळी हाताने हलत नाही. पण लागतच नाही. २० पैकी १.

१९ नोव्हेंबर
दिवसभर तेच. स्प्रिंग जोराची, म्हणून खाचेत अडकून बसते, सुटत नाही. आतली कड ओबडधोबड, कारखान्यात कुणी हातही फिरवलेला नाही. तेलाच्या दगडावर घासतोय. थोडं जास्त घासलं तर चालता चालता आपोआप सुटेल, थोडं कमी तर सुटणारच नाही. ४, ४, ७.
बोटं सोलली. घासू दे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गार्ड जिथे फिरतो ते प्लास्टिकचं भोक ढिलं, गार्ड डुगडुगतो. पितळेचा बुश बसवला, मागाच्याच भंगारातून. ज्या मागांचे गार्ड काढले त्यांचंच पितळ. १७.
झु. आज येऊन ओंडक्यासमोर बसली. तिनेच मशीन उचललं आणि सोडलं, वीस वेळा. मोजत ती होती, मी नाही. वीसांत सतराच लागले तेव्हा म्हणाली, "अजून तीन जण मेले." आणि पीठ मळायला गेली.

२२ नोव्हेंबर
२० पैकी २०. परत २०. झु. ने तिसऱ्यांदा मोजले, २०.
इंजिन चालू ठेवून, साखळी पूर्ण वेगात, मनगटाने गार्ड ढकलला. जागच्या जागी थांबली. पाचही वेळा. पट्टा घासत नाही, क्लच तापत नाही. म्हणजे होत होतं. दोन आठवड्यांपूर्वीही झालं असतं. आळस केला, आणि आळसाला उस्तादांचं नाव दिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
अकलोलीला गेलो. मशीन पिशवीत. गरम पाण्याच्या कुंडांवर आंघोळीला आलेल्यांची गर्दी, रिक्षा वर यायला तयार नाही, पाड्यापर्यंत चालत.
ल. ओट्यावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. सरळ म्हटलं, "लहानू, ह्या मशीनला ब्रेक होता. मी काढला होता. म्हणून साखळी थांबली नाही."
तो म्हणाला, "मंग माझा कोंबडा फुकट गेला काय?"
मग तोच म्हणाला, "न्हाय. कोंबडा माझे चुकीचा व्हता. तुझे चुकीचं तू बघ."
रागावला असता तर बरं झालं असतं. चहा दिला, साखर जास्त.
जानी मात्र ओंडका घेऊन आली. ओंडक्यावरची चाचणी मी चहा पिताना सांगितली होती. तिने स्वतः पातं सोडून बघितलं, दहा वेळा, दहाही वेळा लागला. मग मशीन आत नेऊन ठेवलं. ल. परत हातात घेईल की नाही ते दोघंही बोलले नाहीत, मी विचारलं नाही. निघताना तिने विचारलं, "चाचा, आशी आखी कितीक दिलीस?"
दोन म्हणालो. माझं मला ऐकू आलं.

२४ नोव्हेंबर
काल्हेर. गोदामाचा सुपरवायझर म्हणाला, फर्स्ट क्लास चल रहा है, क्यों खोलने का? मी ल. च्या टाक्यांचा फोटो दाखवला. मग दिलं. पॅलेट फोडणारा माणूस मशीनवर हात ठेवून म्हणाला, रात्रपाळीला परत द्या. आठवड्याने देतो म्हटलं. तो वैतागला. वैतागू दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
काल्हेरचं झालं, २० पैकी २०, परत देऊन आलो. ह्या खेपेला चार दिवस लागले, हात बसलाय. खणात चेनसॉचा एकच गार्ड उरला.
वडपे. तो माणूस टेम्पो घेऊन आला होता, रोख देऊन गेला, नंबर घेतला नाही. फक्त "पाटील" म्हणाला होता. वडप्यात दगड मारला तर पाटलालाच लागतो. सहा पाटलांच्या दारी जाऊन आलो. एकाने गोदामासाठी जागा हवी आहे का विचारलं, एकाच्या कुत्र्याने पायजमा फाडला. पिवळं मशीन कुणाकडेच नाही.

३० नोव्हेंबर
परत वडपे. आणखी पाच पाटील. नाही. ट्रकांच्या रांगेत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोवाल्यांना विचारलं. त्यांना वाटलं मी टोलवाला आहे.
झु. ने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तिचं अक्षर चांगलं: "पिवळा चेनसॉ, पुढे गार्ड नाही, असा कुणाकडे असेल त्याने चालवू नये. फुकट गार्ड बसवून मिळेल." खाली माझा नंबर. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर लावला. आणखी दोन टपऱ्यांवर मंगळवारी.

३ डिसेंबर
फोन नाही. एकाने चौकशी केली, पण त्याला मोटारसायकलचा चेनगार्ड हवा होता.
शेवटच्या ब्रेकची खाच आधीच घासून ठेवली, बुश, स्प्रिंग, सगळं तयार. मशीन आलं की दोन तासांत बसेल. मागाच्या जाळ्या झु. ने काढून धुतल्या, गच्चीवर वाळत घातल्यात. त्यांचं काय करणार, विचारलं. माहीत नाही म्हणाली, खणात नकोत.

५ डिसेंबर, शुक्रवार
अकराला अनोळखी नंबर. "मिस्त्री ना? टपरीवर तुमचा पुठ्ठा वाचला. अहो, एक नंबर चालतंय तुमचं मशीन. गार्डाचं सावकाश बघू, आज बाग साफ करायची आहे, नवीन गोदाम येतंय. पोरं लागलीत कामाला."
त्याच्या मागे मशीन चालू होतं. माझंच. मीच कानाने लावलेलं, शंभरात ओळखेन.
आधी ते बंद करा, म्हणालो. काय म्हणालात, म्हणाला. बंद करा, मी ओरडलो, आता, ह्या क्षणी. "काही ऐकू येत नाही हो, मशीनचा आवाज फार आहे," म्हणाला आणि फोन ठेवला. आवाज फार आहे, कारण सायलेन्सरचं तोंड मीच मोठं केलंय.
चार वेळा लावला. उचलत नाही. कुठली बाग ते विचारायचं राहिलंच.
रिक्षात लिहितोय. वडप्याच्या अलीकडे ट्रक अडकलेत, पंधरा मिनिटं चाक हललेलं नाही. गार्ड, पट्टा, पाने पिशवीत आहेत. उतरतो. गोदामांच्या मागून चालत जातो, आवाजावरून सापडेल.