संकासुराचा सिनेमा

तीर्थरूप बाबांस, पुण्याहून ईशाचा नमस्कार.

माझं जेवणखाण वेळेवर आहे, काळजी नको. फोनवर सांगितलं तसं, आमच्या स्टुडिओच्या मालक मॅडमनी शिमग्यातल्या संकासुरावरचा माझा सिनेमा अर्धा झालाय तेवढा पाहिला. म्हणाल्या, "हा चालायचा नाही. पण पुरा कर, घाई नको."

तेव्हा तुम्ही विचारलंत, मग त्यात पैसे कोण कशाला घालेल? बाबा, आपल्या वाडीचा नमनाचा खेळ उभा राहतो तेव्हा किती पैसे सुटतील असं कोणी विचारतं का?

आई सांगत होती, गुडघ्यामुळे यंदा तुम्ही नमनात संकासूर होणार नाही. खरं का? एक फेरी तरी नाचा. मॅडम बघायला येणारेत. एसटीनेच येतील. गाडी त्यांनी माझ्या सिनेमापायी विकली, हे मला कालच कळलं.

तुमची लेक,
ईशा