आठ नंबरच्या घरात ढेकूण नव्हते

मी, दादासाहेब किसन शेजवळ, वय वर्षे शहात्तर, धर्म बौद्ध, निवृत्त आरोग्य निरीक्षक, राहणार सतरा, मिल लेन, हॅल्डनशॉ, मँचेस्टरजवळ, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, चहा घेऊन आणि चष्मा पुसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी माझा हात धरलेला नाही. माझी पत्नी चंदाबाई दर दहा मिनिटांनी येऊन "अहो, झालं का?" असे विचारते, पण त्याला दडपण म्हणता येणार नाही. याआधीचे सगळे कागद आणि मागच्या महिन्यात केलेला मसुदा मी रद्द करतो.

मृत्युपत्र मराठीत आहे म्हणून कोणी बिचकू नये. वकिलांना विचारून घेतले आहे. माझी मुलगी कल्याणी, राहणार ग्लासगो, हिने त्याचे इंग्रजी भाषांतर अधिकृत माणसाकडून करून घ्यावे. एक सोडून सर्व आकडे अक्षरांत लिहिले आहेत. भाषांतरातही ते अक्षरांतच असावेत. कारण कलम पाचव्यात आहे.

कलम पहिले. राहते घर चंदाबाईंचे. त्यांच्यानंतर कल्याणी आणि मुलगा प्रमोद, राहणार हॅरो, यांना निम्मे निम्मे. घर विकले तरी चालेल, मात्र विकेपर्यंत मागच्या अंगणातल्या मॅनहोलच्या झाकणावर कुंड्या ठेवू नयेत. प्रमोदने गेल्या उन्हाळ्यात तिथे जिरेनियमच्या तीन कुंड्या मांडल्या आणि "बाबा, इट लुक्स नाइस" म्हणाला. छान दिसते हे मलाही कळते. पण ड्रेन तुंबल्यावर माणसाला कुंड्या हलवायलाही वेळ नसतो. याच प्रमोदने शाळेत असताना वडील काय करतात या प्रश्नाला "काउन्सिलमध्ये असतात" एवढेच उत्तर दिले होते. मी ते केव्हाच माफ केले, फक्त विसरलो नाही.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते चंदाबाईंचे. त्यांनी ते जपून न ठेवता खर्च करावे.

कलम तिसरे, हत्यारे. ड्रेन साफ करायच्या काठ्यांचा संच, धुराने गळती शोधायचे यंत्र, आणि लांब दांडीचा छोटा आरसा टॉर्चसह, हे सगळे प्रमोदची मुलगी दिया हिला द्यावे. तिच्या आईला हे आवडणार नाही. दिया मात्र बारा वर्षांची असताना तो आरसा हातात घेऊन म्हणाली होती, "आजोबा, तुमची जॉब बेसिकली डिटेक्टिव्हची होती ना?" जॉब पुल्लिंगी असतो हे मी तिला सांगितले. बाकी वाक्य बरोबर होते. टायफॉइडचा एक पेशंट सापडला की आम्ही दूध कुठले, पाणी कुठले, संडास कोणता, असा माग काढत गल्ली पालथी घालायचो. त्या काळी इथल्या गल्ल्यांत अंगणाच्या टोकाला संडास असायचा आणि स्वयंपाकघरातले खरकटे पाणी साठून तो आपोआप धडामकन धुतला जायचा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी टोपी धरून पळालो होतो.

माझे वडील सोलापूरच्या नगरपालिकेत झाडूवाले होते. मुकादम त्यांना कधीच नावाने हाक मारीत नसे. मी एकोणीसशे सत्तावन्न साली इथे आलो, परीक्षा दिली आणि टाय लावून त्याच घाणीवर सही करणारा साहेब झालो. वडिलांना पत्रात लिहिले की इथे संडास तपासणाऱ्याला लोक टोपी काढून नमस्कार करतात. थोडे वाढवून लिहिले होते. त्यांनी ते पत्र गल्लीतल्या सगळ्यांसमोर वाचून घेतले, हे मला फार नंतर कळले. आयुष्यात मला काही कमी पडले असे वाटत नाही.

कलम चौथे. मँचेस्टरच्या आपल्या मंडळातले डॉक्टर शशी यांनी स्नेहसंमेलनात माझी ओळख "हे लोकांचे संडास बघायचे" अशी करून दिली आणि सभागृह हसले. त्यांना मी इथल्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा एकोणीसशे चौसष्ट सालचा वार्षिक अहवाल ठेवत आहे. त्यात पान बावीसवर घटसर्पाचे त्या वर्षीचे रोगी किती, याच्यापुढे शून्य आहे. त्यांनी ते शून्य सावकाश वाचावे. त्यांच्या दवाखान्यात जे आले नाहीत, ते आमचे रोगी होते.

कलम पाचवे, खिशातली वही. हे कलम लांब आहे आणि मला लिहायला जड जाते.

एकोणीसशे एकसष्टच्या जानेवारीत वीव्हर स्ट्रीटवर मी घरोघर ढेकणांची तपासणी केली. थंडीने बोटे बधिर झाली होती. वहीत इंग्रजीत लिहायचे अशी सक्त ताकीद होती आणि मी इंग्रजीतच लिहिले, पण एक आकडा हाताच्या सवयीने मराठी पडला. ढेकूण होते चार नंबरच्या घरात. आपला ४ इंग्रजांना त्यांच्या आठासारखा दिसतो. टायपिस्टने आठ टाइप केले.

आठ नंबरात एडना हार्टली नावाच्या विधवा बाई आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी डोरीन राहत. त्यांच्या दारावर घर घाणेरडे आणि कीडग्रस्त असल्याची नोटीस लागली. काउन्सिलची व्हॅन आली, गाद्या भर रस्त्यातून नेल्या, घर गंधकाने धुरवले. सगळी गल्ली दारात उभी होती. तिसऱ्या दिवशी व्हॅनवरचा माणूस मला हसत म्हणाला, "आठ नंबरात एक ढेकूण मिळाला नाही, साहेब. एवढं चकाचक घर मी पाहिलं नाही." मी वही उघडली आणि माझा चार मला दिसला.

मी बोललो नाही. नोकरी कायम व्हायला दोन महिने होते, कल्याणी पोटात होती, आणि काळ्या माणसाने सरकारी वहीत स्वतःच्या लिपीत लिहिले हे ऐकून घेणारा कोणी तिथे नव्हता. ही कारणे खरी आहेत. तरी मी भ्यालो हेही खरे आहे. सबंध गल्लीला औषध मारायचे असे निमित्त काढून मी चार नंबरातले ढेकूण मारले आणि गप्प बसलो.

पुढे डोरीनबाई आमच्या लायब्ररीत कामाला लागल्या. तीस वर्षे त्यांनी माझ्या पुस्तकांवर शिक्के मारले. एकदा बोलता बोलता म्हणाल्या की आई मरेपर्यंत दिवसातून तीनदा दगडाने उंबरा घासायची, आणि मैत्रिणींना घरी आणू द्यायची नाही. कुठे वाढलात असे कोणी विचारले तर डोरीनबाई "कालव्याच्या पलीकडे" म्हणत. गल्लीचे नाव सांगत नसत. आईचे घर खरेच तसे होते असेच त्या समजून होत्या. मी पुस्तक घेऊन घरी आलो आणि जेवलो नाही.

म्हणून मागच्या महिन्याच्या मसुद्यात मी लिहिले की आठ नंबरचे घर स्वच्छ होते, चूक माझी होती. या देशात माणूस मेल्यावर त्याचे मृत्युपत्र कोणालाही मागवून वाचता येते. नोटीस चारचौघांत लागली होती, तर कबुलीही चारचौघांत व्हावी असा माझा विचार. चंदाबाईंनी तो मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? त्या बाईनं काय तुम्ही मरायची वाट बघत बसायचं? उठा, मफलर घ्या."

मी गेलो. चंदाबाई सोबत होत्या, नाहीतर मी बसस्टॉपवरूनच परतलो असतो. डोरीनबाई आता म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. मी वही उघडून आकडा दाखवला आणि सगळे सांगितले. त्यांनी वही जवळ ओढून त्या आकड्यावरून बोट फिरवले.

"म्हणजे आमच्याकडे नव्हते?"

"एकही नव्हता. गादीची शिवण न् शिवण मी टॉर्चने बघितली होती."

"आईला हे सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो," मी म्हणालो. मला रडू आले, आणि ते मी लपवले नाही. त्यांनी किटली लावली. पाणी उकळले, तशी त्यांनी ती उचलली. मग पाठमोऱ्याच त्यांनी विचारले, "मग होते कोणाकडे?"

"चार नंबरात."

त्या वळल्या. चार नंबरात ऑग्डनबाई राहत. गंधकाच्या दिवशी नाकाला पदर, म्हणजे एप्रन, लावून सर्वांत पुढे उभ्या होत्या त्याच. आज वय एक्याण्णव, आणि मुक्काम डोरीनबाईंच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. पंचेचाळीस वर्षे हार्टली मायलेकींपैकी कोणी दिसले की ती बाई नुसता दंड खाजवून दाखवायची. अजूनही दाखवते. डोरीनबाई इतक्या हसल्या की चंदाबाईंनी त्यांच्या हातातली किटली काढून घेतली. डोळे पुसून म्हणाल्या, "मी तिला सांगणार नाही. नव्वदी पार केलीय बिचारीनं. पण उद्या ती खाजवायला लागली ना, की मी विचारणार, चावतंय का हो काही?"

मला माफ केले का, ते मी विचारले नाही. निघताना त्यांनी चंदाबाईंना पुढच्या मंगळवारी यायला सांगितले. मलाही बोलावले असावे.

ती वही मी डोरीनबाईंना त्याच दिवशी देऊन टाकली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये असा नियम आहे, आणि मला त्यांची सही हवी होती. साक्षीदाराला मजकुराची भाषा यावी लागत नाही. त्याने मला सही करताना पाहिले म्हणजे पुरे. तरी हे कलम मी त्यांना इंग्रजीत वाचून दाखवले आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. 'विधवा बाई' याच्या जागी नाव घाला म्हणाल्या. मी दोन्ही ठेवले.

कलम सहावे. त्रिशरण आणि पंचशील म्हणून माझे दहन करावे. भाषणे दोन पुरेत, त्यातले एक डॉक्टर शशींचे नसावे. आलेल्यांनी जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

येथे मजकूर संपतो. खाली मी दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करीत आहे.

हॅल्डनशॉ, शनिवार, अकरा मार्च दोन हजार सहा.

(सही) दादासाहेब किसन शेजवळ

साक्षीदार पहिला: (सही) हरीश वाघेला, केमिस्ट, मिल लेनचा कोपरा.

साक्षीदार दुसरी: (सही) डोरीन हार्टली, निवृत्त लायब्ररियन, फ्लॅट तीन, बीच कोर्ट, हॅल्डनशॉ.

सहीनंतर लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, तरी नोंदवतो. पत्त्याची जागा भरल्यावर डोरीनबाईंनी पेन परत दिले नाही. कोणी न सांगता त्यांनी खाली मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली. तिचे मराठी असे: 'जन्मापासून बावीस वर्षे राहणार आठ, वीव्हर स्ट्रीट, एडना हार्टली यांच्या घरी.'