ओव्हरराइडचं कारण: अनुभव

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.२०
आजपासून ही वही. ऑफिसात मनातलं ऐकवावं असं माणूस उरलेलं नाही.

आमची कंपनी सुगंध बनवते. बावीस वर्षं सेफ्टी माझ्याकडे. साबण असो, शाम्पू असो, क्रीम असो, त्यात घालायचा वास आधी माझ्या टेबलावरून जायचा. कुठला घटक कातडीला किती चालतो ते माझ्या रजिस्टरात, आणि रजिस्टर माझ्या डोक्यात. आता हे काम सॉफ्टवेअर करणार म्हणे. फॉर्म्युला टाकला की दोन सेकंदांत हिरवा नाहीतर लाल दिवा. ते चालवायला नवीन मॅडम आल्यात. वय माझ्या नोकरीपेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी जास्त.

तिच्या स्वागताला केक होता. मी रुजू झालो तेव्हा मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

संकल्प: तिच्या टेबलाकडे बघायचं नाही.

दुपारी ४.००
सात वेळा बघितलं. त्यातल्या तीन वेळा मी खिडकी बघत होतो. ती मध्ये बसते, त्याला मी काय करू?

५ मार्च, बुधवार
आमच्या परफ्यूमरला सगळे नाकराव म्हणतात. वास तेच जुळवतात. इतकी वर्षं रोज सकाळी कागदाची पट्टी नव्या वासात बुडवून आधी माझ्या नाकाखाली धरायचे आणि विचारायचे, बोला, पास की नापास? आज पट्टी घेऊन माझ्या टेबलावरून सरळ पुढे गेले. वास तेवढा माझ्यापाशी क्षणभर थांबला. मग तोही तिकडेच गेला.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुला तिचा हेवा वाटतोय. मी म्हटलं, प्रश्न लोकांच्या आरोग्याचा आहे. ती म्हणाली, बरं, मग आरोग्य जरा बाजूला ठेव आणि ह्या चादरीचं दुसरं टोक धर, घडी घालायचीय.

१० मार्च, सोमवार
योजना ठरली. सॉफ्टवेअरने पास केलेले शंभर फॉर्म्युले हाताने तपासायचे. चूक सापडली की मीटिंगमध्ये शांतपणे, अजिबात आनंद न दाखवता मांडायची. शुक्रवारी यंत्राचा शेवटचा दिवस.

१४ मार्च, शुक्रवार
त्रेसष्ट तपासले. चूक सापडली!

‘सावधान’ऐवजी ‘सावधन’ रिपोर्टवर छापून येतं.

मीटिंगमध्ये मांडली. आनंद थोडा दिसला असावा. मॅडम उठल्या, आभार मानले, तिथल्या तिथे दुरुस्त करून टाकलं, वर म्हणाल्या, सरांसारखी बारीक नजर हवी. टाळ्या पडल्या. कुणासाठी ते स्पष्ट झालं नाही. तोंडं सगळ्यांची तिच्याकडे होती.

१८ मार्च, मंगळवार
नाकराव आले! स्वतःहून! आत येऊन दार लावलं!

चेहऱ्याला लावायच्या क्रीमसाठी त्यांनी दोन वर्षं खपून दालचिनीचा एक उबदार वास जुळवलाय. सॉफ्टवेअर लाल दाखवतंय. म्हणतंय, दालचिनीतला एक घटक मर्यादेबाहेर गेलाय, कातडीला सोसणार नाही. दालचिनी कमी केली तर वासाचं नुसतं कोमट पाणी होतं, असं नाकराव म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. पुढे म्हणाले, मशीनला काय कळतं हो, मी तुमच्या अनुभवाला विचारायला आलोय.

तो शब्द किती दिवसांनी ऐकला.

रजिस्टर काढलं. हिशेब केला. केसभर का होईना, मर्यादेच्या आत. सीनियर म्हणून माझ्याकडे ओव्हरराइडचा पासवर्ड आहे, म्हणजे लाल दिवा मी माझ्या जबाबदारीवर हिरवा करू शकतो. सिस्टीमने कारण विचारलं. मी टाइप केलं: अनुभव. दिवा हिरवा. नाकरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माल गुरुवारी, २७ला, गिऱ्हाइकाकडे जाणार.

१९ मार्च, बुधवार
मॅडम सकाळी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी फोन कानाला लावला आणि हो हो म्हणत राहिलो. फोन बंद होता. दुपारी पुन्हा आल्या. पुन्हा फोन. माझ्याकडून काही शिकायचं असणार. थांबू दे जरा. मीही बावीस वर्षं थांबलोय.

२० मार्च, गुरुवार
क्रीमचा नमुना घरी आणला. स्वतःवर प्रयोग करणार. कोपराच्या आतल्या बाजूला पट्टीने मोजून दोन इंच बाय दोन इंच चौकोन आखला. सकाळ-संध्याकाळ लावायचं. आठवड्याने निष्कलंक हात मीटिंगमध्ये दाखवायचा. त्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

२३ मार्च, रविवार
बायकोला वास फार आवडला. मला दे, गालाला लावते, म्हणाली. मी डबी कपाटात वर ठेवली आणि म्हटलं, हे संशोधन आहे. का ठेवली ते कळलं नाही. शिस्त असणार.

२४ मार्च, सोमवार
हाताला खाज. डास.

२५ मार्च, मंगळवार
खाज, लाली, बारीक पुरळ. डास आणि नवीन शर्टाची खळ, दोन्ही मिळून. बायकोने हात उजेडात नेऊन बघितला आणि विचारलं, डास चौकोनी कधीपासून चावायला लागले?

२६ मार्च, बुधवार. दुपारी १२.१०
हिशेब पुन्हा केला. दालचिनीच्या तेलातला तो घटक मी धरला होता. तोच घटक ह्या वासातल्या आणखी दोन तेलांत आपसूक असतो, तो धरायचा राहिला. सॉफ्टवेअर तिन्हींची बेरीज करतं. मी एकाचीच केली.

आजारी पडून दोन दिवस घरी बसावं असं मनात आलं. पण उद्या माल जाणार. बायकोसारख्या हजारो बाया वास घेऊन खूश होतील आणि गालाला लावतील. रविवारी डबी घ्यायला तिने कपाटाकडे हात उंच केला होता, ते डोळ्यांपुढून जाईना.

२.३०
खाली गोदामात धावत गेलो. स्टोअरकीपरला म्हटलं, दालचिनीची पिंपं थांबवा, एकही जाता कामा नये. तो डबा खात होता. म्हणाला, साहेब, ती कधीच थांबलीत, अठरा तारखेलाच. ओव्हरराइड झाला की दुसरी सही मॅडमची लागते. त्यांनी दिलीच नाही.

पिंपावर चिठ्ठी होती, मॅडमच्या अक्षरात. ‘सरांनी पास केलंय. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. विचारून कळवते.’ खाली दुसऱ्या पेनाने: ‘दोनदा गेले. सर फोनवर होते.’

त्याच पिंपावर बसलो. स्टोअरकीपरने काही न विचारता पोळीभाजी पुढे केली. खाल्ली.

२७ मार्च, गुरुवार
मॅडमना सांगून टाकायचं ठरवलं. भाषण तयार होतं, तीन मुद्द्यांचं. समोर गेल्यावर एकही आठवला नाही. नुसती बाही वर केली आणि म्हटलं, बेरीज चुकली, आणि तो फोन बंद होता.

वाटलं, आता ही ओरडेल. ओरडावं अशी फार इच्छा होती. पण तिने आधी हात बघितला, डॉक्टरकडे गेलात का विचारलं, खणातून मलम काढून दिलं. म्हणाली, सर, मला वाटलं तुम्हाला माझा राग आलाय, म्हणून तिसऱ्यांदा यायचा धीर झाला नाही. आठ दिवस मलाच झोप नव्हती.

मी म्हटलं, छे छे, राग कसला.

म्हणजे चांगुलपणातही ती पुढेच. माणसाने करायचं तरी काय?

नाकराव वास नव्याने जुळवतायत. खुर्ची तिच्या टेबलाशेजारी नेलीय.

३ एप्रिल, गुरुवार. सायंकाळी ५.४५
ओव्हरराइड कधी करू नये, यावर सगळ्या स्टाफला ट्रेनिंग होतं. मी पहिल्या रांगेत. मोठ्या साहेबांनी बसवलं. पडद्यावर पहिलंच चित्र माझ्या हाताचं, भिंतभर मोठं. फोटो काढू द्यायला मीच हो म्हटलं होतं. चेहरा नाही, नाव नाही, नुसता लाल चौकोन. मागून कुणीतरी म्हणालं, काय नीट आखलाय हो. ऐकून बरं वाटलं.

मग चित्राच्या खालची बारीक ओळ वाचली. हात माझा, पुरळ माझं, चौकोन माझा. आणि खाली छापलंय, छायाचित्र: मॅडमचं नाव.

अभिप्रायाच्या फॉर्मवर हरकत नोंदवली. फॉर्म गोळा करायला त्याच आल्या.