दहापैकी दहा

आदरणीय ताई,

तुम्ही वयाने धाकट्या, तरी ताईच म्हणतो. काल समुपदेशनाच्या भेटीत तुम्ही मला कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलंत आणि म्हणालात, "काका, तुमचं-माझं जमलं, म्हणून तुम्ही बरे झालात. आमचं संशोधनही हेच सांगतं."

ताई, मी बरा झालेलो नाही. लिफ्ट दुरुस्त करताना जोडीदार माझ्या डोळ्यांदेखत खाली पडला, तेव्हापासून पाना धरला की हात थरथरतात. तुमच्यासमोर मी ते मांडीखाली दाबून बसायचो.

दर भेटीनंतरच्या कागदावर दोन प्रश्न असत. 'ताईंनी तुमचं म्हणणं समजून घेतलं का?' 'तुमचा त्रास कमी झाला का?' पहिल्याला मी मनापासून दहापैकी दहा दिले. इतकं कान देऊन माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग दुसऱ्याला तीन कसे देणार? प्रेमाने वाढणाऱ्याला पोट भरलं नाही म्हणण्यासारखंच ते. तिथेही दहाच लिहिले.

बायको म्हणते, "दुखणं दाखवायला गेला होतात की परीक्षेला बसायला?"

आता खरं सांगितलं, तर पहिले दहाही तुम्हाला खोटे वाटतील. नाही सांगितलं, तर सोमवारी मी वर पाना धरणार आणि खाली नवा जोडीदार उभा असणार. देवापुढे हात जोडतो, तेव्हाही ते थरथरतातच.

गावच्या शाळेत गुरुजी माझं वळणदार अक्षर वर्गभर दाखवायचे. हे अक्षर पाहिलंत, तर पत्र वाचायचीही गरज पडणार नाही. म्हणून दोनदा पाकिटात घातलं आणि दोनदा बाहेर काढलं.

तुमचा,
मंगळवारी चारला येणारा